एसटीत बोंबलाची पिशवी: वास येणारं खाणं गाडीत न्यावं की नाही?

किनवटहून नांदेडला निघालेली लालपरी. इस्लापूरला बस थांबली आणि साठीच्या एक मावशी कापडी पिशवी सांभाळत आत चढल्या. दोन मिनिटांत अख्ख्या बसला कळलं की पिशवीत काय आहे. सुकट आणि सुके बोंबील. लेक नांदेडला राहते, तिच्यासाठी बाजारातून घेतलेले.

पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरानं नाकाला रुमाल लावला. "मावशी, लय वास यायलाय हो." मावशी कसनुसं हसल्या. "बांधून घेतलंय की बाबा, आता काय करू?" इथवर सगळं ठीक होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "असल्या लोकायला बसूच देऊ नये गाडीत."

बस गप्प झाली. मावशींचं हसू गेलं.

कंडक्टर तिकिटं फाडत तिथपर्यंत आले. त्यांनी ना मावशींना सुनावलं, ना पोराला. "मावशी, ती पिशवी दारापाशी ठिवा, वारं लागतंय तिथं. आन् तुमी दोघं-तिघं खिडक्या सरकवा की जरा." पिशवी दाराशी गेली, खिडक्या उघडल्या, बस सुटली. विषय संपला.

खरंतर संपला नाही. भोकरला बस थांबली तेव्हा दोघा-तिघांनी गरम कांदाभजी घेतली. कागदाची पुडी उघडल्याबरोबर तळणाचा आणि कांद्याचा वास बसभर पसरला. या वेळी कुणी रुमाल काढला नाही, उलट एकानं विचारलं, "कुठं घेतली हो?"

मी त्याच बसमध्ये होतो. नांदेड येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता. दोन्ही वासच होते. मग एक अडचण आणि दुसरा खमंग, हे ठरवलं कुणी?

रील्समध्ये आणि कमेंट्समध्ये हा वाद दर काही दिवसांनी पेटतो. "ट्रेनमध्ये अंडी खाणारे", "बसमध्ये लसूण चटणी उघडणारे", "फ्लाइटमध्ये मासे आणणारे" वगैरे. दोन्ही बाजू तावातावानं भांडतात. पण वास म्हणजे नेमकं काय, नियम काय सांगतात आणि भांडण कुठल्या क्षणी वासाचं राहत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. तेच आज समजून घेऊ.

वास येतो म्हणजे नेमकं काय होतं?

पदार्थातले अतिशय हलके रेणू हवेत उडतात आणि आपल्या नाकात पोचतात, त्याला आपण वास म्हणतो. पदार्थ जितका गरम, तितके जास्त रेणू उडतात. म्हणून फ्रिजमधल्या भाजीला वास कमी आणि तीच भाजी गरम केली की घरभर वास. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा उन्हातल्या बसमध्ये साधा डबासुद्धा जास्त वास का मारतो, याचं कारण हेच.

आता बोंबलाकडे येऊ. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं रसायन असतं. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखायला त्यांना ते लागतं. त्याला स्वतःला वास नसतो. पण मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात आणि ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा असतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हे रसायन फारच कमी असतं. म्हणून पैनगंगेतला ताजा मासा आणि समुद्रावरून आलेला सुका बोंबील यांच्या वासात इतका फरक पडतो.

मग समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्यात बोंबील आलाच कशाला? कारण तो सुकवलेला असतो. वसई, पालघरकडच्या किनाऱ्यावर कोळी लोक बोंबील उन्हात वाळवतात. वाळला की बर्फ नको, फ्रिज नको, महिनोन्महिने टिकतो. आठवडी बाजारात पसाभर घेतला तरी चार माणसांचं कालवण होतं. ज्या घरात रोज मटण परवडत नाही, तिथं हे स्वस्तातलं प्रथिन आहे.

लसणाची गोष्ट वेगळी आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतली दोन द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि ॲलिसिन तयार होतं. हा झणझणीत वास त्याचा. म्हणजे लसणाचा ठेचा वरवंट्याखाली जितका बारीक, तितका वास जास्त. लसूण आधी भाजला किंवा परतला तर ॲलिसिन तयार करणारं द्रव्य निकामी होतं आणि वास सौम्य होतो. उकडलेल्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. अंडं जितकं जास्त वेळ उकडाल तितका तो जास्त. बलकाभोवती हिरवट-काळं कडं दिसलं, तर समजायचं की अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलंय.

ज्याचा डबा, त्यालाच वास का येत नाही?

"मला तर काहीच वास येत नाहीये!" हे वाक्य प्रत्येक भांडणात येतं. गंमत म्हणजे बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो.

आपलं नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं. मेंदूला नवीन काय घडतंय याची खबर हवी असते, जुन्या वासाची तो नोंद घेणं कमी करतो. अगरबत्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला सुगंध जाणवत नाही, तसंच हे. मावशींच्या हातात पिशवी तासभर होती, त्यांचं नाक कधीच सरावलं होतं. पोराच्या नाकाला तो वास नवा होता.

म्हणजे वासाच्या बाबतीत स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्या डब्याचा वास येतोय की नाही, हे शेजाऱ्यालाच जास्त नीट कळतं.

दुसऱ्या बाजूनं, तक्रार करणारा दर वेळी नाटक करत असतो असंही नाही. गाडी लागणं हा प्रकार ज्यांना आहे त्यांना विचारा. गाडी वळणं घेत असते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "आपण हलतोय", आणि समोरच्या सीटवर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात "आपण स्थिर आहोत". या गोंधळातून मळमळ सुरू होते आणि उग्र वासानं ती वाढते. गरोदर बाईला, नुकतंच आजारातून उठलेल्याला किंवा मायग्रेन असणाऱ्याला हा त्रास जास्त होतो. त्यातल्या कुणाला तो वास कांदाभज्यांचाही सोसणार नाही. म्हणून तर आपल्याकडे प्रवासाला निघताना आया लिंबू किंवा आवळासुपारी हातात देतात.

गाडी कुठली, यावर बरंच काही ठरतं

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. त्या काळापासून पुढची कित्येक दशकं एसटी म्हणजे उघड्या खिडक्यांची गाडी. टपावर कोंबड्यांची खुराडी, भाजीच्या पाट्या, तुरीची पोती, आत माणसं. गाडी सुटली की वारं आरपार जायचं आणि वास मागं राहायचा. इस्लापूरच्या कंडक्टरांनी केलं तेही हेच. त्यांनी पिशवी वाऱ्याच्या वाटेवर ठेवली आणि खिडक्या उघडल्या. रसायनशास्त्र न शिकताही उपाय अचूक होता.

२०१७ पासून शिवशाही आली, मग २०२२ मध्ये विजेवर चालणारी ई-शिवाई आली. रेल्वेत एसीचे डबे वाढले, शहरांत मेट्रो आली. या सगळ्या गाड्यांमध्ये खिडकी उघडत नाही. तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरते. लालपरीत दहा मिनिटांत विरणारा वास एसी बसमध्ये नांदेड ते पुणे सोबत येतो.

म्हणजे सवय तीच राहिली, गाडी बदलली. आजीच्या काळात एसटीत भाकरी-ठेचा उघडणं अगदी सहज होतं. नातवानं तेच स्लीपर कोचच्या बंद केबिनमध्ये केलं तर शेजारी वैतागतो. दोघांपैकी कुणी बिघडलेलं नाही, बंद काचांनी प्रश्न तयार केलाय.

शिदोरीत आधीच अक्कल होती

प्रवासात काय न्यावं याचा विचार आपल्याकडे नवा नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात विचारा, लांबच्या गाडीला जाताना काय बांधून देतात? दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, गूळ, लाडू. सगळं कोरडं. रस्सा नाही, सांडायला काही नाही, उन्हात विटत नाही. या पदार्थांना वासही कमी येतो, त्यामुळे शेजाऱ्याचीही सोय आपोआप होते.

पण दशमीची दुसरी बाजूही आहे. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यानं ती मऊ राहते आणि टिकते, हे खरं. सोबत जुन्या सोवळ्या-ओवळ्याच्या हिशोबात पाण्यात शिजवलेलं अन्न लवकर "विटाळतं" आणि दुधा-तुपातलं प्रवासात चालतं, असंही मानलं जायचं. म्हणजे डब्यात काय असावं हे ठरताना टिकाऊपणा होता आणि "शेजारी कोण बसेल" ही भीतीही होती.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली आणि एकाच बाकावर सगळ्या जातीची माणसं बसू लागली. तरी इंग्रजांच्या काळात स्टेशनांवर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" असे वेगळे हंडे असायचे. गाडीनं माणसं जवळ आणली, पण खाण्यापिण्यातलं अंतर बरीच वर्षं तसंच राहिलं.

भांडण वासाचं कधी राहत नाही?

त्या बसमध्ये दोन वाक्यं बोलली गेली होती. "लय वास यायलाय" हे पहिलं. "असल्या लोकायला बसूच देऊ नये" हे दुसरं. पहिलं नाकाबद्दल होतं, दुसरं माणसाबद्दल. फरक इथंच पडतो.

डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या कन्याकुमारी जिल्ह्यात कोलाचेल बसस्थानकावर काय झालं ते आठवा. मासे विकून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या कोळिणीला, अंगाला वास येतो म्हणून सरकारी बसमधून उतरवलं गेलं. बसस्थानकावर उभी राहून ती संतापानं जाब विचारत होती, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी निषेध केला आणि चालक, वाहक आणि वेळनियंत्रक अशा तिघांना निलंबित करण्यात आलं. लक्षात घ्या, दिवसभर मासे विकणाऱ्या बाईच्या अंगाला वास येणार. तो तिच्या कष्टाचा वास आहे. तो येऊ द्यायचा नसेल तर तिनं बसनं जायचंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी घटना आपल्या राज्यातली. ऑगस्ट २०२४, धुळे–मुंबई एक्स्प्रेस. मुलीकडे कल्याणला निघालेल्या एका वृद्ध प्रवाशाकडे बरण्यांमध्ये मांस होतं. "हे काय आहे?" असं विचारत सुरू झालेल्या चौकशीचा शेवट इगतपुरीच्या आसपास त्यांना गोमांसाच्या संशयावरून मारहाण करण्यात झाला. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा दाखल केला. इथे कुणी "जरा झाकण लावता का?" असं म्हणत नव्हतं. प्रश्न वासाचा नव्हताच. डब्यात काय आहे यावरून माणूस कोण आहे ते ठरवलं गेलं आणि त्यावरून त्याला शिक्षा दिली गेली.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्ण ब्रह्म" हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं, चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या कशा करायचे, आणि हे अन्न पाककृतींच्या पुस्तकांत कधीच का आलं नाही, याची त्यांनी नोंद केली. काही अन्नाला "महाराष्ट्रीय" म्हणून ताटात मान मिळाला आणि काही अन्न "त्यांचं" म्हणून बाहेर राहिलं. जे बाहेर राहिलं, त्याचाच वास आपल्याला जास्त येतो.

आपल्या भाषेतही हे दिसतं. साजूक तुपाचा घमघमाट, भज्यांचा खमंग वास, मसाल्याचा दरवळ. मासळी-मटणाला मात्र "वशाट" हा एकच शब्द, पदार्थालाही तोच आणि नाक मुरडायलाही तोच. आणि तरीही आपल्याच कोकण रेल्वेवरून मुंबई–मंगळुरू धावणाऱ्या गाडीचं नाव "मत्स्यगंधा" आहे. महाभारतातल्या सत्यवतीचं हे नाव, जिच्या अंगाला मासळीचा वास यायचा म्हणून पडलेलं. गाडीला ते नाव देताना कुणी नाक दाबलं नाही.

कायदा काय म्हणतो?

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. रेल्वेत स्वतःचा डबा खाणं, मग तो मासळीचा असो की मेथीचा, हा गुन्हा नाही. रेल्वे स्वतःच गाडीत अंडा बिर्याणी आणि ऑम्लेट विकते.

१९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम ६७ आहे. धोकादायक किंवा उपद्रवकारक माल सोबत नेण्यावर त्यात बंधनं आहेत आणि कलम १६५ मध्ये असा उपद्रवकारक माल बेकायदा नेल्यास दंडाची तरतूद आहे. ओली कातडी किंवा त्या प्रकारचा माल डोळ्यासमोर ठेवून ही कलमं आहेत, कुणाच्या डब्यातला ठेचा पकडायला नाहीत. कलम १४५ मध्ये दारू पिऊन धिंगाणा, शिवीगाळ आणि उपद्रव येतो. म्हणजे वासावरून शेजाऱ्याला शिव्या घातल्या, तर कायद्याच्या कचाट्यात येण्याची शक्यता शिव्या देणाऱ्याचीच जास्त.

मेट्रोचं वेगळं आहे. दिल्ली मेट्रोत डब्यात बसून खायला मनाई आहे. तो नियम सगळ्या पदार्थांना सारखा लागू आहे. सँडविचलाही मनाई आणि बिर्याणीलाही. कुणाच्या खाण्याला वेगळा न्याय नाही.

मुंबईच्या लोकलनं तिसरा मार्ग काढला. तिथं सामानासाठी वेगळा डबा असतो आणि मासळीच्या पाट्या घेऊन कोळिणी त्यातून जातात. तिथं बाईला गाडीतून उतरवत नाहीत, तिच्या पाटीला जागा देतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला सार्वजनिक वाहन वापरू न देणं हा या कायद्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे. "असल्या लोकायला बसू देऊ नये" हे वाक्य बोलायला सोपं असतं, पण त्याच्या मागं काय इतिहास आहे हे या कलमावरून कळतं.

बाहेरचे लोक काय करतात?

सिंगापूरच्या मेट्रोत खाण्या-पिण्यावर ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. तिथं डुरियन नावाचं फणसासारखं काटेरी फळ मिळतं. चव भारी, वास भयंकर. मेट्रो स्टेशनांवर "डुरियन आणू नका" अशी पाटीच असते. हे फळ तिथल्या लोकांचं अतिशय लाडकं आहे. म्हणजे पाटी परक्यांच्या खाण्याला हिणवायला लावलेली नाही, स्वतःच्या आवडत्या फळालाच बंद डब्यात आवर घातलाय.

जपानमध्ये गोष्ट आणखी मजेशीर आहे. शहरातल्या गर्दीच्या लोकलमध्ये खाणं तिथं असभ्य मानलं जातं. पण लांब पल्ल्याच्या गाडीत बसून डबा खाणं हा प्रवासाचा आनंद समजला जातो. त्यासाठी स्टेशनांवर खास डबे विकतात, त्यांना एकिबेन म्हणतात. नियम पदार्थाला नाही, प्रवासाला आहे. वीस मिनिटांचा प्रवास असेल तर थांबा, पाच तासांचा असेल तर खुशाल खा.

आपल्यालाही हाच हिशोब कामाचा आहे. इस्लापूर ते नांदेड साधारण शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास. पहाटे शेतातली कामं उरकून, दवाखान्याच्या किंवा तहसीलच्या कामाला निघालेल्या माणसाला "घरी जाऊन खा" असं सांगण्यात अर्थ नाही. त्याचं जेवण बसमध्येच होणार. हॉटेलात बसणं प्रत्येकाला परवडत नाही.

मग करायचं काय?

डबा तुमचा असेल तर:

१. आधी गाडी बघा, मग डबा भरा. उघड्या खिडकीची बस असेल तर बिनधास्त राहा. एसी बस, एसी डबा किंवा बंद केबिन असेल तर त्या दिवशी कोरडी शिदोरी बरी.

२. सुकी मासळी न्यायची असेल तर आधी कागदात, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. नुसती कापडी पिशवी वास अडवत नाही. डबा उन्हात किंवा इंजिनच्या गरम भागाजवळ ठेवू नका.

३. मासे शिजवून नेत असाल तर लिंबू, चिंच किंवा आमसूल सढळ हातानं घाला. आंबटामुळे ट्रायमिथाइलअमाइन बांधलं जातं आणि हवेत कमी उडतं. माशावर लिंबू पिळायची पद्धत उगाच आलेली नाही.

४. अंडी घरीच सोलून न्या आणि जास्त उकडू नका. लसूण परतून चटणी करा.

५. गाडी थांब्यावर उभी असेल तेव्हा खा. दार उघडं असतं, वारं खेळतं, हातही धुता येतो.

६. उघडण्याआधी शेजाऱ्याला एक वाक्य विचारा. "जेवून घेऊ का हो? तुम्हाला त्रास नाही ना?" आपलं नाक सरावलेलं असतं हे लक्षात ठेवा. विचारल्यावर बहुतेक माणसं "खावा की" असंच म्हणतात.

७. खाऊन झाल्यावर काटे, टरफलं, कागद पिशवीत बांधून सोबत न्या. जेवण दहा मिनिटांत संपतं, सीटखाली टाकलेलं खरकटं शेवटच्या थांब्यापर्यंत वास मारतं.

त्रास तुम्हाला होत असेल तर:

१. वासाबद्दल बोला, पदार्थाबद्दल नाही. "मला मळमळतंय, जरा झाकण लावता का?" एवढंच पुरे.

२. "काय आहे त्यात?" असं विचारू नका. ते जाणून घेतल्यानं वास कमी होत नाही, फक्त समोरचा माणूस आरोपी होतो.

३. आधी खिडकी उघडा, जागा बदलता येते का बघा, मग कंडक्टर किंवा टीसीला सांगा. त्यांच्याकडे उपाय असतात.

४. समोरच्याचं म्हातारपण, कपडे, बोली, पाटी बघून आवाज चढत असेल तर एक क्षण थांबा. हाच वास शेजारच्या नीटनेटक्या कपड्यातल्या साहेबांच्या पिझ्झाचा असता, तर आपण बोललो असतो का?

५. व्हिडिओ काढू नका. कुणाचं जेवण हा आपला कंटेंट नाही.

नांदेडच्याच स्टेशनवरून सुटणारी गाडी

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. हजूर साहिब नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आहे. दोन हजार किलोमीटरहून लांब प्रवास. वाटेतल्या बऱ्याच स्टेशनांवर शीख सेवेकरी या गाडीतल्या प्रवाशांना मोफत लंगर वाढतात. भात, कढी, डाळ, भाजी. सवयीचे प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच चढतात. गाडी थांबली की सगळा डबा एकदम जेवायला बसतो. कढीचा आणि फोडणीचा वास डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो. त्यावरून भांडणं होत नाहीत, कारण तिथं "तुझं जेवण" आणि "माझं जेवण" असं काही उरत नाही.

प्रत्येक गाडीत लंगर शक्य नाही, हे मान्य. मासळीचा वास सगळ्यांना आवडलाच पाहिजे, असंही नाही. ज्याला सोसत नाही त्यानं सांगावं आणि ज्याचा डबा आहे त्यानं झाकण लावावं. एवढ्यात निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी वासाची नसतातच.

त्या दिवशी नांदेडच्या बसस्थानकावर मावशी उतरल्या. दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि कंडक्टरांना म्हणाल्या, "तरास झाला का ओ भाऊ?" ते म्हणाले, "नाय ओ मावशी. पुढच्या टायमाला डब्यात घाला, म्हंजे दारात ठिवायचं काम नाही."

मावशींना सांगण्यासारखं होतं ते तेवढंच. मागच्या सीटवरचा माणूस गर्दीत कधी उतरून गेला, ते कळलंही नाही.